यमक परत येतं, भिंगऱ्या येत नाहीत



या व्याख्यानाची पत्रिका आमच्या इमारतीच्या फलकावर लागली, तेव्हा शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "स्पॅनिश प्रेमकविता म्हणजे छानच. पण त्यात वृत्त कशाला काढताय? प्रेमाच्या काय मात्रा मोजायच्या असतात?" मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायला तासभर लागला असता आणि काकूंच्या हातात दुधाची पिशवी होती. तो तास आज तुम्ही मला दिला आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांचा मी विद्यार्थी. सर कविता शिकवताना आधी अर्थ सांगत नसत. डोळे मिटून ओळ म्हणायचे आणि टेबलावर बोटं वाजवायचे. आम्ही मागच्या बाकांवरून त्यांची नक्कल करायचो. वर्ष संपता संपता लक्षात आलं, की नक्कल करता करता आमचीही बोटं चालायला लागली आहेत. आजचं व्याख्यान त्या बोटांचं आहे. म्हणून एक पथ्य पाळणार आहे. कवितेची एकही ओळ मी वाचून दाखवणार नाही. सुटे शब्द घेईन, तेही मोजके. ओळ कानावर पडली की मन अर्थामागे पळतं, आणि आज आपल्याला अर्थाच्या खाली काय चाललंय ते बघायचं आहे.

कवी आहे गुस्ताव्हो आदोल्फो बेकेर. जन्म १८३६, सेव्हिल. मृत्यू १८७०, माद्रिद. म्हणजे चौतीस वर्षांचं आयुष्य. वर्तमानपत्रांत लिहून पोट भरणारा माणूस. थोरला भाऊ व्हालेरियानो चित्रकार. त्यानं काढलेलं बेकेरचं चित्र इतकं प्रसिद्ध, की पुढे ते शंभर पेसेताच्या नोटेवर आलं. हयातभर पैशाची ओढाताण सोसलेल्या कवीची ही अशी थट्टा. दोघे भाऊ एकाच वर्षी गेले, व्हालेरियानो सप्टेंबरात आणि हा डिसेंबरात. कवितांचं पुस्तक आलं ते मित्रांनी काढलं, १८७१ साली, कवी गेल्यावर. त्या कवितांना स्पेनमध्ये 'रीमास' म्हणतात. 'रीमा' म्हणजे यमक. पुस्तकाचं नावच जणू 'यमकं'. हे नाव लक्षात ठेवा, कारण थोड्या वेळानं मी तुम्हाला सांगणार आहे, की आपल्या हिशेबानं या पुस्तकात यमक फारसं नाहीच!

आजची कविता त्यातली त्रेपन्नावी. स्पेनमध्ये शाळेत गेलेल्या बहुतेकांना तिची सुरुवात येते. तिच्यात आधी गोलोन्द्रिना येतात, म्हणजे भिंगऱ्या. आपल्याकडे काही जण सरसकट पाकोळ्या म्हणतात तेच पक्षी. (ही जात आपल्याकडे हिवाळ्यात उतरते, विजेच्या तारांवर ओळीनं बसते, घरटं मात्र इथं बांधत नाही. स्पेनच्या भिंगऱ्या हिवाळ्यात आफ्रिकेत जातात आणि वसंतात जुन्या जागी परततात. कवितेत त्या सज्जात घरटी टांगतात. पक्षिनिरीक्षक म्हणेल, अहो, ही भिंगरी गोठ्यात, छपराखाली घरटं करते, बाहेरच्या सज्जाला चिकटतो तो तिचा चुलतभाऊ. म्हणू दे.)

रचना साधी आहे. चार ओळींचं एक, अशी सहा कडवी. त्यांच्या तीन जोड्या. प्रत्येक जोडीतलं पहिलं कडवं सांगतं, की अमुक परत येईल. दुसरं सांगतं, पण ते जुनं येणार नाही. पहिल्या जोडीत भिंगऱ्या, दुसरीत बागेच्या भिंतीवर चढणारी सुगंधी वेल, तिसरीत प्रेमाचे शब्द. भिंगऱ्या येतील, पण आपली नावं शिकून गेलेल्या त्या भिंगऱ्या नाही. फुलं उमलतील, पण आपण दोघांनी ज्यांच्यावरचं दव थरथरताना पाहिलं ती नाही. प्रेमाचे शब्दही तुझ्या कानी पुन्हा पडतील. पण...

हे 'पण' आपण नंतरसाठी ठेवू. आधी बोटं.

स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. आपल्यासारखे लघु-गुरू नाहीत, गण नाहीत. तिथे शब्दाचे अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे मोजतात, आपण ओवी-अभंगात अक्षरं मोजतो तसे. शिवाय एक शब्द स्वरानं संपला आणि पुढचा स्वरानं सुरू झाला, की दोन्ही स्वर एका घासात जातात. संधी म्हणा हवं तर, फक्त तो लिहीत नाहीत, उच्चारतात. आणि तिसरा नियम सगळ्यांत गमतीचा. ओळीच्या शेवटच्या शब्दात आघात कुठे पडतो ते बघायचं. उपान्त्य अवयवावर पडला तर हिशेब सरळ. अगदी शेवटच्या अवयवावर पडला तर एक वाढवून मोजायचा. शेवटून तिसऱ्यावर पडला तर एक कमी करायचा. म्हणजे तोंडातून दहाच अवयव निघाले तरी ओळ अकराची, आणि बारा निघाले तरी ओळ अकराचीच. चक्रम वाटतं ना? पण आपण चरणाच्या शेवटी आलेला लघु गुरू धरतो, तेव्हा दुसरं काय करतो? तोंड थांबलं तरी कान पुढे मोजत असतो.

आता कडवं मांडतो. पहिली ओळ अकरा, दुसरी अकरा, तिसरी अकरा, चौथी सात. अकरा, अकरा, अकरा, सात. सहाही कडव्यांत हेच.

काही आठवलं? सभागृहात वारकरी असतील त्यांना आठवलं असेल. मोठा अभंग. सहा, सहा, सहा, चार. तीन चरण सारखे आणि चौथा आखूड. कुणी कुणाकडून काही घेतलेलं नाही, तसं सुचवायचंही नाही. पण आखूड चौथ्या चरणाचं काम दोन्हीकडे एकच आहे. तीन पावलं सारखी टाकल्यावर पाय चौथ्या पावलालाही तेवढाच उचलला जातो, आणि जमीन आधीच येते. जिन्याची शेवटची पायरी अंधारात चुकते ना, तसं. त्या धक्क्यावर जो शब्द ठेवाल तो लागतो. तुकोबांना हे माहीत होतं. बेकेरलाही माहीत होतं.

हा अकराचा चरण मूळ स्पेनचा नव्हे, तो इटलीचा. १५२६ साली ग्रानादात व्हेनिसचा राजदूत आंद्रेआ नावाजेरो यानं ख्वान बोस्कान नावाच्या कवीला सुचवलं, की आमच्या इटालियन रचना तुमच्या भाषेत करून बघा. बोस्काननं केल्या, आणि त्याचा मित्र गार्सिलासो दे ला वेगा यानं त्या अशा केल्या की तो चरण स्पॅनिश होऊन गेला. केशवसुतांनी सुनीत मराठीत आणलं तेव्हा जे झालं, साधारण तशीच गोष्ट. तेव्हापासून अकराचा चरण म्हणजे दरबारी पोशाख. सुशिक्षितांचा, पुस्तकातला.

त्या अकरांत आघात कुठे पडतात तेही कवी ठरवतो. दहाव्यावर पडलाच पाहिजे, बाकीच्यांना बरीच मोकळीक. या कवितेच्या सहाही कडव्यांची पहिली ओळ मी बोटांवर मोजली. तिसऱ्यावर, सहाव्यावर, दहाव्यावर. पुन्हा तिसऱ्यावर, सहाव्यावर, दहाव्यावर. सहाच्या सहा वेळा. स्पॅनिश छंदशास्त्रात या चालीला 'मधुर' अशा अर्थाचं नाव आहे. 'येतील' म्हणणारी कडवी आणि 'पण' म्हणणारी कडवी एकाच चालीनं दारात येतात. बातमी चांगली असो की वाईट, घंटा तशीच वाजते.

आता यमकाकडे येऊ. मघाशी म्हणालो होतो, की आपल्या हिशेबानं इथे यमक फारसं नाही. 'पाणी' आणि 'गाणी' हे आपलं यमक. 'पाणी' आणि 'वारी' म्हटलं तर सरांनी खडू फेकून मारला असता. स्पॅनिशमध्ये मात्र 'पाणी-वारी' चालतं. शेवटच्या आघातापासून पुढचे नुसते स्वर जुळले, व्यंजनं कशीही असली, की झालं. याला आपण स्वरयमक म्हणू. स्पेनची जुनी लोकगाणी, लढायांचे आणि प्रेमाचे पोवाडेच म्हणा, सगळी याच स्वरयमकावर चालतात. एक ओळ मोकळी, एक जुळलेली. सम ओळीत यमक, विषम ओळ रिकामी.

बेकेरनं काय केलं? चरण घेतला दरबारातला, यमक घेतलं गावातलं. जरीचा शेला आणि अनवाणी पाय. त्या काळात काही कवींनी अशा कवितेला जर्मन धाटणीचे उसासे म्हणून नाकं मुरडली. हायने या जर्मन कवीच्या छोट्या, साध्या कविता तेव्हा स्पॅनिशमध्ये आल्या होत्या, त्यावर हा टोला. नाकं मुरडणारे आज बरेचसे अभ्यासक्रमात उरले आहेत. बेकेर पाठ आहे.

चोवीस ओळी, म्हणजे बारा यमकं. बाराही ठिकाणी एकच स्वर, आघातयुक्त 'आ'. मोठा, उघडा 'आ'. आणि या बारा शब्दांची यादी केली तर काय दिसतं? अकरा क्रियापदं आहेत. क्रियापदांची यमकं जुळवणं सगळ्यांत सोपं. आपल्याकडे 'येतील-जातील' करणाऱ्याला कुणी कवी म्हणत नाही, तिकडेही म्हणत नाहीत. मग एवढ्या चोखंदळ माणसानं हे का केलं? नीट बघा. प्रत्येक कडव्याच्या दुसऱ्या ओळीशेवटी क्रियापदाचं मूळ रूप, आपल्या 'टांगणं', 'चढणं' यांसारखं. चौथ्या ओळीशेवटी भविष्यकाळ. मूळ रूप, भविष्यकाळ. मूळ रूप, भविष्यकाळ. स्पॅनिशमध्ये भविष्यकाळ त्या मूळ रूपालाच प्रत्यय जोडून होतो. म्हणजे दुसऱ्या ओळीत बी पडतं आणि चौथ्या ओळीत ते उगवतं. पाच कडवी हे चालतं. कानाला सवय लागते.

सहाव्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीत क्रियापद नाही. तिथे येतं 'आल्तार'. वेदी. चर्चमधली, जिच्यापुढे गुडघे टेकतात ती. आवाज मूळ रूपासारखाच, शेवटी तोच 'आर'. कान म्हणतो, आलं नेहमीचं क्रियापद. आणि हाताला दगड लागतो. बारा यमकांतलं हे एकमेव नाम. कवितेत आतापर्यंत सगळं हलत होतं. पंख, वेल, दव, शब्द. इथे पहिल्यांदा काहीतरी जागचं हलत नाही.

हे बेकेरनं ठरवून केलं का? मला दर वेळी हा प्रश्न विचारतात. माझं मत विचाराल तर, सुताराला रंधा मारताना विचारू नये. लाकूड गुळगुळीत झालंय की नाही ते हात फिरवून बघावं.

आता पुनरावृत्ती. इथे मी जरा रेंगाळणार आहे, घड्याळाकडे अध्यक्षांनी बघू नये.

पहिलं, तिसरं आणि पाचवं कडवं एकाच शब्दानं सुरू होतं: 'बोल्वेरान'. परततील. दुसरं, चौथं, सहावं एकाच शब्दानं: 'पेरो'. पण. परततील, पण. परततील, पण. परततील, पण. आता 'परतणं' या क्रियापदाची स्पॅनिशमध्ये एक खोड आहे. त्याच्यापुढे दुसरं क्रियापद जोडलं, की त्याचा अर्थ होतो 'पुन्हा करणं'. 'परततील टांगायला' असं म्हटलं की 'पुन्हा टांगतील' हेही त्यातच आलं. पक्ष्यांनी परत येणं आणि क्रियेनं परत येणं एकाच शब्दात. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या कडव्यात हे क्रियापद असं जोडीदार घेऊन येतं. त्या-त्या जागचं मूळ रूप म्हणजे तेच, दुसऱ्या ओळीशेवटी यमकात बसलेलं. पण दुसऱ्या आणि चौथ्या कडव्याच्या शेवटी, त्या सात अवयवांच्या आखूड ओळीत, हेच क्रियापद नकार घेऊन येतं आणि एकटं येतं. जोडीदार गेला. तिथे फक्त येणं उरतं, आणि ते येणं होत नाही.

पहिल्या दोन वेळा, भिंगऱ्यांच्या आणि वेलीच्या कडव्यात, तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी आणखी एक पुनरावृत्ती आहे: 'ओत्रा बेस'. पुन्हा एकदा. 'बेस' म्हणजे खेप. दुसरी खेप. भिंगऱ्या दुसऱ्या खेपेला खिडकीच्या काचेवर पंख वाजवतील. फुलं दुसऱ्या खेपेला उमलतील. पाचव्या कडव्यात, तिच्या हृदयाची गोष्ट येते तेव्हा, आपण पुन्हा 'ओत्रा बेस'ची वाट बघतो. ते तिसऱ्या ओळीत येतच नाही. खाली, आखूड ओळीत, 'बेस' येतो, पण 'ओत्रा' नसतो. येतं 'ताल बेस'. म्हणजे कदाचित. शब्द अर्धा तोच, हमी गेली. निसर्गाला 'पुन्हा', माणसाला 'कदाचित'. एवढा मोठा फरक त्यानं दोन अक्षरं बदलून केला आणि त्याकडे बोटही दाखवलं नाही. मी ही कविता कितीतरी वर्षं वाचत होतो, तरी हे मला दिसलं नव्हतं. शिकवताना एका मुलीनं विचारलं, "सर, हा शब्द इथे वेगळा का?" तेव्हा दिसलं. वर्गात मी अर्थातच मला आधीपासून माहीत असल्यासारखा चेहरा केला.

आणि आता ते राखून ठेवलेलं 'पण'. सहावं कडवं.

दोनदा आपण ऐकलंय, की 'त्या' परत येणार नाहीत. 'त्या'साठी शब्द आहे 'एसास'. तिसऱ्यांदा आपले ओठ 'एसास' म्हणायला तयार असतात. कवी म्हणतो 'आसी'. अशा रीतीनं. स्वर थोडे इकडचे तिकडे, आवाज जवळजवळ तोच. 'कोण' येणार नाही हा आतापर्यंतचा विषय. आता विषय होतो 'कसं'. प्रेम करणारे येतील हो, त्याबद्दल त्याचं म्हणणं नाही. असं करणार नाहीत. आणि 'परतणं' हे क्रियापद, जे आतापर्यंत पाच वेळा आलं, ते नेमकं इथे येत नाही. कविता ज्याच्यावर उभी होती तो शब्दच परतत नाही.

पण त्याच्या आधीची ओळ बघा. तिच्या शेवटी येतो 'देसेंगान्याते'. भ्रमातून बाहेर ये. एका शब्दात एवढं. याचा आघात शेवटून तिसऱ्या अवयवावर. चोवीस ओळींत बारा ओळी शेवटच्या आघातावर थांबतात, अकरा उपान्त्य आघातावर. ही एकटी ओळ अशी, की आघात झाल्यावर मागे दोन अवयव लोंबकळत राहतात. बारा उच्चारायचे, अकरा धरायचे. चाल तीच, तिसरा, सहावा, दहावा. म्हणजे सुरुवातीला भिंगऱ्या ज्या चालीनं आल्या त्याच चालीनं हा शब्द येतो. फक्त शेवटी काहीतरी हातातून सुटतं. मोजताना एक अवयव सोडून द्यावाच लागतो. वृत्ताचा नियमच तसा.

यमक म्हणजे काय? गेलेला आवाज परत येणं. वृत्त म्हणजे काय? तीच पावलं परत पडणं. धृपद म्हणजे काय? तीच ओळ परत येणं. कवितेचं सगळं शरीर परतण्याचं बनलेलं, आणि तोंडानं ती सांगते की परतणार नाही. चोवीस ओळी कान सुखावत राहतो: येतंय, येतंय, बरोबर आलं. आणि मन दर आखूड ओळीला थोडं थोडं विझतं. विरहाच्या कविता जगात पुष्कळ. पण आवाजानं एक वचन द्यायचं, ते अगदी काटेकोर पाळायचं, आणि अर्थानं तेच वचन मोडायचं, हे इतक्या कमी सामानात केलेलं मला फारसं आढळलेलं नाही. काकूंना मी जिन्यात हेच सांगायला हवं होतं. मात्रा मोजल्या नसत्या तर हा माणूस दुःखी आहे एवढंच कळलं असतं.

या कवितांची एक गोष्ट सांगायची राहिली. बेकेरनं आपल्या कवितांचं हस्तलिखित गोन्सालेस ब्राव्हो नावाच्या राजकारण्याकडे छापण्यासाठी दिलं होतं. हा राणी दुसऱ्या इसाबेलचा पंतप्रधान. १८६८च्या सप्टेंबरात क्रांती झाली, राणी देश सोडून गेली, ब्राव्होचं घर लुटलं गेलं, आणि त्यात हस्तलिखितही गेलं. मग बेकेरनं आपल्या एका जाड वहीत हरवलेल्या कविता आठवून आठवून पुन्हा लिहिल्या. वहीला नाव दिलं होतं 'चिमण्यांचं पुस्तक'. ती वही आज माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि आपली भिंगऱ्यांची कविता तिच्यात आहे. गद्य हरवलं तर आशय आठवतो. कविता आठवते ती अकरा, अकरा, अकरा, सात अशी. एखादा शब्द निसटला तरी त्याची रिकामी जागा नेमकी किती मापाची आहे ते बोटांना माहीत असतं.

मी या कवितेचा मराठी अनुवाद केला होता, तरुणपणी. त्यात दोन घोळ होते. पहिला, वेलीला मी मधुमालती म्हटलं. ती वेल वेगळी, ही वेगळी, पण नाव गोड वाटलं म्हणून ठेवलं. दुसरा घोळ मोठा होता. बेकेरनं क्रियापद ओळीच्या शेवटी नेण्यासाठी वाक्यं उलटीपालटी केली आहेत. स्पॅनिश कानाला ते खास वाटतं. आणि मराठीत क्रियापद असतं कुठे? शेवटीच! त्यानं घाम गाळून मिळवलेली जागा आपण रोज भाजी घेताना फुकट मिळवतो. त्यामुळे माझी बाराही यमकं 'तील-तील' करत आली आणि अनुवाद रेल्वेच्या सूचनेसारखा झाला.

तो घेऊन मी सरांकडे गेलो. सर तेव्हा निवृत्त झाले होते, नजर अधू झाली होती. अनुवाद ऐकला, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मूळ म्हण." मी म्हटलं, "सर, तुम्हाला स्पॅनिश येत नाही." म्हणाले, "तुलाही मराठी येत नाही असं दिसतंय. म्हण."

मी म्हटली. सरांनी डोळे मिटले आणि खुर्चीच्या हातावर बोटं वाजवायला लागले. पहिल्या कडव्यात जरा चाचपडले. दुसऱ्यात जुळवून घेतलं. शेवटच्या कडव्यात, त्या लांबट शब्दापाशी, त्यांचं एक बोट घसरलं आणि त्यांनी ते घसरू दिलं. मग सातांची आखूड ओळ आली. तोंडातून तिचे सहाच अवयव निघतात. सातवा नियमानं वाढवून धरायचा असतो, आणि तो नियम मी सरांना सांगितलेला नव्हता. सरांनी सहा वेळा बोट वाजवलं. सातव्यांदा बोट वर उचललं, आणि बराच वेळ ते तसंच वर धरून बसले.